कार्ल्याचं लेणं पांडवांनी एका रात्रीत कोरलेलं नाही

एकवीरा आमची कुलदेवता, तिचं देऊळ कार्ल्याच्या लेण्यासमोरच. घरात लग्न झालं की जोडप्याला घेऊन वेहेरगावचा डोंगर चढायचा आणि देवीची ओटी भरायची, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे कार्ल्याबद्दल काही आलं की आमच्या घरच्या ग्रुपवर ते लगेच फिरतं. गेल्या आठवड्यात काकूंनी एक लांबलचक मेसेज टाकला आणि खाली भराभर हात जोडले गेले. हाच मेसेज मला त्याआधी दोन वेगळ्या ग्रुपांवर आला होता, तेव्हा मी तो सोडून दिला. पण काकू दर वर्षी तिथे जातात, सोबत पोरांना नेतात, आणि मेसेजच्या शेवटी जे करायला सांगितलंय ते त्या खरंच करतील, म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेज थोडक्यात असा. कार्ल्याची 'तथाकथित' बौद्ध लेणी म्हणजे पांडवांनी वनवासात एका रात्रीत कोरलेलं एकवीरा आईचं मूळ मंदिर. आतला स्तूप हा स्तूप नसून महाशिवलिंग आहे, कारण आत बुद्धाची मूर्तीच नाही. इंग्रजांनी हिंदूंमध्ये फूट पाडायला ही जागा बौद्ध ठरवली. तिथले शिलालेख कोणालाच नीट वाचता येत नाहीत, म्हणून वाटेल ते सांगितलं जातं. आपले राजे वैदिक धर्माचे, ते भिक्खूंना दान कशाला देतील? आणि सरतेशेवटी: या श्रावणात सोमवारी आत जाऊन दुधाचा अभिषेक करा, आपलं मंदिर परत मिळवा.

शेवटापासूनच सुरुवात करतो, कारण नुकसान तिथे आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या पूजेच्या दालनात, छताला लाकडी फासळ्या आहेत. दगडाच्या कमानदार छताला त्यांचा आधार लागत नाही. लाकडी इमारती बांधणाऱ्या लोकांनी डोंगरात इमारत कोरली तेव्हा आपल्या सवयीचं रूप सोबत आणलं, म्हणून त्या तिथे आहेत. त्यातलं बरंचसं लाकूड मूळचं, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. स्तूपाच्या माथ्यावरची छत्रीसुद्धा लाकडाची आहे. मान वर करून नीट पाहिलंत तर तिच्या खालच्या अंगाला कोरीव नक्षी दिसते. भारतात इतकं जुनं लाकूडकाम त्याच्या मूळ जागी उभं राहिलेलं फार थोड्या ठिकाणी सापडेल. त्याच्या खाली दूध, तेल, कुंकू, नारळाचं पाणी आणि शेकडो माणसांची रेटारेटी न्यायची, असं हा मेसेज सांगतोय. कोणाच्या भक्तीला माझा आक्षेप नाही. पण ज्या वास्तूबद्दल एवढा अभिमान मिरवायचा तिचीच हानी करायला लोकांना पाठवायचं, याचा राग येतो.

आता शिवलिंगाचं. पिंडीला शाळुंका लागते आणि अभिषेकाचं पाणी बाहेर न्यायला पन्हळ लागते. ज्यानं आयुष्यात एकदा शंकराच्या देवळात पाय ठेवलाय त्याला हे सांगावं लागत नाही. कार्ल्याच्या स्तूपाला शाळुंका नाही, पन्हळ नाही, पाणी जायला वाट नाही. उलट ज्या गोष्टी स्तूपाला असतात त्या सगळ्या आहेत: गोल पीठ, त्याच्या कडेला कोरलेला कठडा, वर अर्धगोल अंड, त्यावर हर्मिका म्हणजे चौकोनी पेटीसारखा भाग, आणि तिच्यात रोवलेली छत्री. भाजं इथून दरीपलीकडे, बेडसं त्याच डोंगररांगेत पुढे. दोन्हीकडे असाच चैत्य आणि असाच स्तूप आहे. शिवलिंग म्हणायचं तर सगळ्याच स्तूपांना म्हणावं लागेल.

आत बुद्धाची मूर्ती नाही, हे मात्र खरं. हे लेणं कोरलं त्या काळात इकडच्या लेण्यांमध्ये बुद्धाची मूर्ती घडवत नसत, स्तूपाचीच पूजा होई. मूर्ती आल्या त्या काही शतकांनंतर, आणि त्या कशा आल्या हे कार्ल्याच्या ओसरीतल्या भिंतीवर डोळ्यांनी दिसतं. दारांच्या दोन्ही अंगांना स्त्रीपुरुषांच्या मोठ्या, देखण्या जोड्या कोरलेल्या आहेत, त्या मूळच्या. त्यांच्या मधल्या जागांमध्ये बुद्धमूर्तींचे चौकोन आहेत, ते नंतरचे. काही ठिकाणी तर आधी कोरलेला कठडा छिन्नीनं तासून टाकून त्या जागी मूर्ती बसवलीय. तासलेल्या कठड्याची अर्धवट नक्षी मूर्तीच्या कडेला अजून उरलीय. म्हणजे एकाच धर्माच्या लोकांनीसुद्धा आपल्या आधीच्यांचं काम पुसून त्यावर आपलं काम केलं. मेसेज लिहिणाऱ्यानं तिथे पाच मिनिटं उभं राहून पाहिलं असतं तर 'मूर्ती नाही' हा मुद्दा त्यानं घातलाच नसता.

पुढचा दावा पांडवांचा आणि एका रात्रीचा. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा मेसेज याच्यावर उभा आहे.

ही गोष्ट मेसेजवाल्यानं रचलेली नाही, एवढं मान्य. वेहेरगावात ती पिढ्यान्‌पिढ्या सांगतात: पांडव इथे आले, देवीनं दर्शन दिलं, एका रात्रीत माझं देऊळ बांधा म्हणाली, त्यांनी बांधलं, तिनं वर दिला की अज्ञातवासात तुम्हांला कोणी ओळखणार नाही. मी ती लहानपणी पायऱ्या चढताना ऐकलीय आणि माझ्या मुलांनीही ऐकावी असं मला वाटतं. आणखीही एक सांगतो, जे मेसेजात नाही आणि मेसेजवाल्याला ठाऊकही नसावं. महाभारताच्या वनपर्वात पांडव तीर्थयात्रेत शूर्पारकाला, म्हणजे आपल्या सोपाऱ्याला येतात, तिथे युधिष्ठिर ऋचीकपुत्राची, म्हणजे जमदग्नीची वेदी पाहतो, आणि मग ते प्रभासाकडे जातात. जमदग्नीची पत्नी रेणुका, आणि एकवीरा हे रेणुकेचंच रूप मानतात. तेव्हा कोकणपट्टीशी पांडवांचा संबंध परंपरेत जुना आहे, यात शंका नाही. पण त्या वनपर्वात कार्ल्याच्या डोंगराचा किंवा लेणं कोरल्याचा शब्दही नाही. आणि नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरच्या लेण्यांनाही लोक पांडवलेणीच म्हणतात, तिथले शिलालेखही बौद्ध भिक्खूंना दिलेल्या दानाचे. ब्राह्मी लिपी लोकांच्या वाचण्यातून गेली, त्यानंतर हजार-बाराशे वर्षं ही अवाढव्य कामं समोर दिसत होती आणि कोणी केली ते कळत नव्हतं. माणसांनी ती पांडवांच्या नावावर टाकली. त्यात अपमान करण्यासारखं काही नाही. पण आता ती अक्षरं वाचता येतात.

आणि अक्षरं काय सांगतात? वलूरक हे कार्ल्याच्या डोंगराचं त्या काळचं नाव. चैत्याच्या ओसरीत एक लेख आहे: वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीनं हे 'सेलघर', म्हणजे डोंगरातलं घर, पुरं केलं, जंबुद्वीपात उत्तम असं. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बनवासी. दूरवरचा एक व्यापारी मावळात येऊन पैसे घालतो आणि आपलं शैलगृह सगळ्या जंबुद्वीपात उत्तम आहे असं दगडावर लिहून ठेवतो. त्याचा अभिमान खोटाही नव्हता. सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद असं हे चैत्यगृह भारतातल्या कोरीव चैत्यांमध्ये सगळ्यात मोठं आहे. बहुतेक अभ्यासक ते इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं मानतात.

पण भूतपालानं ते एकट्यानं केलेलं नाही. आतल्या दालनात दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आहेत, मागे स्तूपाभोवती आणखी सात साधे अष्टकोनी खांब. बाजूच्या खांबांच्या तळाशी घट, माथ्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि त्यांच्यावर स्वार झालेली जोडपी. मागच्या, म्हणजे बाजूच्या अरुंद वाटेकडच्या अंगाला हत्तींऐवजी घोडे. यातल्या कितीतरी खांबांवर तो कोणी दिला त्याचं नाव आहे, शेवटी 'थंभो दानं', म्हणजे खांबाचं दान. हल्ली देवळाच्या फरशीवर देणगीदारांची नावं घालतात, तशी. धेनुकाकट नावाच्या गावाहून आलेले दाते सगळ्यात जास्त, आणि त्यांच्यातले कित्येक जण स्वतःला यवन म्हणवतात, म्हणजे ग्रीक मुळाची माणसं. एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या धर्मोपदेशकानं दिलाय, आणि तो अस्थींसह दिलाय असं त्यावरच लिहिलंय. अस्थी ठेवण्यासाठी त्या खांबात केलेली खोबणही आहे. नालासोपारा लोकलच्या गर्दीत लटकत जाणाऱ्या माणसाला हे कोणी कधी सांगितलंय का, की त्याच्या गावच्या एका माणसाचं नाव कार्ल्याच्या खांबावर एकोणीसशे वर्षं आहे?

दाराबद्दलचे लेख तर मला सगळ्यात जवळचे वाटतात. एका दाराचं काम धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुतारानं केलं, बापाचं नाव वेणुवास. दुसऱ्या दाराचं दान सिंहदत्त नावाच्या गंधिकाचं, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याचं. बाहेरच्या कठड्याचं दान एका भिक्खुणीचं, ती स्वतःची ओळख मुलाच्या नावानं सांगते: घुणिकाची आई. ते कोरणाऱ्या कारागिराचंही नाव दिलंय, नंदिक. बाहेर डाव्या हाताला सोळा पैलूंचा स्तंभ, वर चार सिंह. त्यावर लिहिलंय, 'महारठिस गोतिपुतस अगिमितणकस सिहथभो दानं'. गोतीचा मुलगा अग्निमित्रणक, महारठी म्हणजे त्या काळचा मोठा सरदार, त्याचं हे सिंहस्तंभाचं दान.

एका रात्रीत पांडवांनी सगळं केलं असं आज ठासून सांगायचं म्हणजे सामी सुताराचं नाव खोडायचं, सिंहदत्ताचं खोडायचं, घुणिकाच्या आईचं खोडायचं. गोष्ट गोष्ट म्हणून सांगा, मीही सांगतो. ती पुरावा म्हणून पुढे केली की ज्यांनी घाम गाळला आणि पैसा घातला त्यांच्या नावावर बोळा फिरतो. आणि ही नावं बघा: सुतार, अत्तरविक्या, व्यापारी, परगावची माणसं, एक आई. यातलं कोणीही राजा नाही.

'शिलालेख कोणाला वाचता येत नाहीत.' हे धडधडीत खोटं आहे. ब्राह्मी लिपीचं कोडं जेम्स प्रिन्सेपनं १८३७ साली सोडवलं. त्यानंतर इकडच्या लेण्यांमधले लेख प्रत्यक्ष डोंगरात फिरून, ठसे घेऊन वाचले ते भगवानलाल इंद्रजींनी. जुनागढचा माणूस, मुंबईत राहून काम केलं. त्यांचं आणि पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेसचं एकत्र केलेलं काम १८८१ साली छापलं गेलं. मग एमिल सेनार यांनी कार्ल्याचे तोवर ठाऊक असलेले लेख नव्यानं वाचून 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या सातव्या खंडात छापले. तिथे प्रत्येक लेख कुठल्या खांबावर किंवा भिंतीवर आहे, कुठलं अक्षर तुटलंय आणि कुठे आधीच्या वाचनाशी मतभेद आहे, हे सगळं मांडलंय. इथे मी जे लेख सांगतोय ते मुख्यतः त्याच वाचनाच्या आधारानं. सेनार इंग्रज नव्हते, फ्रेंच होते, तेव्हा 'इंग्रजांनी ठरवलं' हेही गेलं. आणि परदेशी माणसांवर विश्वासच नसेल तर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचं वाचन घ्या. संस्कृत आणि पुराभिलेखांत आयुष्य घालवलेला आपल्याच मातीतला माणूस. सातवाहन आणि क्षत्रपांचे लेख त्यांनी मराठीत अर्थासह दिलेत. तेही हे दान भिक्खूंनाच दिलेलं आहे असंच वाचतात, कारण दुसरं काही तिथे लिहिलेलं नाही.

सुरुवातीच्या काही युरोपीय प्रवाशांनी आपल्या लेण्यांबद्दल वाटेल ते अंदाज ठोकले, आणि इंग्रजांनी धर्मांच्या नावानं या देशात राजकारण केलं, हे मी नाकारत नाही. पण दगडात आधीच कोरलेल्या अक्षरांत ते फेरफार करू शकत नव्हते.

मला खरा संताप येतो तो दुसऱ्याच कारणानं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा याच ग्रुपवर दोन दिवस अभिनंदनाचा पाऊस पडला. तो दर्जा कशाच्या बळावर मागितला होता? रंगनाथ पठारे समितीच्या अहवालात नाणेघाटाच्या शिलालेखाचा दाखला आहे, त्यातल्या 'महारठिनो' या शब्दाचा. नाणेघाटाचे लेख आणि कार्ल्याचे लेख एकाच प्राकृताच्या परिवारातले, लिपी तीच. म्हणजे भाषेचा मान हवा तेव्हा ही अक्षरं वाचता येतात, आणि त्याच अक्षरांत भिक्खूंना दिलेल्या दानाचा उल्लेख आला की ती कोणालाच वाचता येत नाहीत! काकूंना मी हेच विचारलं. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते असण्याची अपेक्षाही नाही, कारण मेसेज त्यांनी लिहिलेला नाही. ज्यानं लिहिला त्याला मात्र हे ठाऊक असायला हवं होतं.

'वैदिक राजे भिक्खूंना दान कशाला देतील?' याचं उत्तर कार्ल्याच्याच भिंतीवर आहे, आणि मला वाटतं सगळ्या मेसेजाला हा एक लेख पुरे. क्षहरात वंशातला क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान, त्याचा जावई उषवदात. हा जावई आधी आपली पुण्याई सांगतो: तीन लाख गाई दिल्या, बनास नदीवर सोनं दान केलं आणि घाट बांधला, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली, प्रभासाच्या पवित्र तीर्थावर ब्राह्मणांची लग्नं लावून दिली, दर वर्षी लाख ब्राह्मणांना जेवू घालतो. आणि एवढं सांगून त्याच लेखात म्हणतो: वलूरकच्या लेण्यांमध्ये राहणाऱ्या प्रव्रजितांच्या, म्हणजे घर सोडलेल्या भिक्खूंच्या, चारी दिशांच्या संघाच्या निर्वाहासाठी, इथे पावसाळ्याचा वर्षावास करणाऱ्या सगळ्यांसाठी, करजिक गाव दिलं.

एकच माणूस आहे हा, आणि लेखही एकच. ब्राह्मणभोजनही घालतो आणि भिक्खूंना गावही देतो, आणि यात काही विसंगती आहे असं त्याला वाटत नाही, म्हणून तो दोन्ही गोष्टी एकाखाली एक अभिमानानं कोरून घेतो. 'दान कशाला देतील' असा प्रश्न आज आपल्याला पडतो. त्याला पडला नव्हता.

गोष्ट इथे थांबत नाही. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला. तो इतका पुरता की नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाच्या हजारो चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या बहुतेक नाण्यांवर सातकर्णीचा शिक्का पुन्हा मारलेला आहे. शत्रूचं नाणं शत्रूच्या नावानं चालू द्यायचं नाही, म्हणून. आणि नाशिकच्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री मुलाचं कौतुक करताना त्याला क्षहरातांचा वंश निःशेष करणारा म्हणते, आणि 'एकबम्हण', अद्वितीय ब्राह्मणही म्हणते. ते कुठे? भिक्खूंना दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर. आता कार्ल्याला परत या. तिथे आणखी एक लेख आहे, मामालच्या, म्हणजे आपल्या मावळच्या अमात्याला दिलेली राजाज्ञा: वलूरकच्या भिक्खूंना करजक गाव दिलं आहे, त्यात कोणी ढवळाढवळ करायची नाही. राजाचं नाव तिथे तुटलंय, पण बहुतेक अभ्यासक ही आज्ञा गौतमीपुत्राची मानतात. नहपानाची नाणी त्यानं ठोकून काढली, नहपानाच्या जावयानं भिक्खूंना दिलेलं गाव मात्र भिक्खूंकडेच राहू दिलं. राज्य बदललं, वंश बदलला, ज्याला आईनं अद्वितीय ब्राह्मण म्हटलं असा राजा आला, आणि डोंगरावरच्या लोकांची व्यवस्था जशीच्या तशी चालू राहिली. याला काही लोक नुसता राजकारणाचा डाव म्हणतील. घाटवाटेवरच्या विहारांशी व्यापार जोडलेला होता, तेव्हा फायदाही असेलच. त्यानं मुद्दा बदलत नाही.

आता ज्यात थोडं तथ्य आहे ते. देवीचं ठाणं लेण्याहून जुनं असू शकतं, असं मेसेजात ओघात एक वाक्य आहे. मनापासून नाही, पण हे शक्य आहे असं म्हणावं लागेल. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी या डोंगरांमध्ये पायी फिरले आणि त्यांनी मांडलं की मातृदेवतांची ठाणी जुन्या वाटांच्या तिठ्यांवर असत, आणि पुढे विहारही त्याच वाटांवर उभे राहिले. कार्लं बोरघाटाच्या वाटेवर आहे, कोकणातली बंदरं आणि देश यांच्यामध्ये. तिथे भिक्खू येण्याआधी वाटसरू एखाद्या तांदळ्यासमोर, म्हणजे देवी मानलेल्या दगडासमोर, माथा टेकत असतील, तर मला नवल वाटणार नाही. पण याला कार्ल्यात आज दाखवता येईल असा पुरावा नाही. चैत्यासमोर उभं असलेलं आजचं देऊळ तर चैत्याच्या मानानं फारच अलीकडचं. तेव्हा 'असू शकेल' एवढंच म्हणता येतं. 'होतंच, आणि लेणं म्हणजे तेच' असं म्हणता येत नाही.

इथे दुसऱ्या बाजूच्या मेसेजचाही समाचार घेतो, कारण तोही माझ्या फोनवर पडून आहे. एका जुन्या सहकाऱ्यानं पाठवलेला. त्यात म्हटलंय की एकवीरा ही मुळात बुद्धाची आई महामाया, तिचं रूप बदलून देऊळ बळकावलं, चैत्याच्या दारातला दुसरा स्तंभ पाडून त्या जागी ते बांधलं, म्हणून ते हटवा. महामायेबद्दल कार्ल्यातल्या एकाही लेखात अक्षर नाही, तिची तिथे पूजा होत असल्याचाही पुरावा नाही. दुसरा स्तंभ असावा, हा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि डावीकडचा सिंहस्तंभ पाहता तो पटण्यासारखा आहे. आज देऊळ आहे साधारण त्याच जागी. पण तो कधी पडला, आपणहून पडला की पाडला, हे सांगणारा लेख नाही. विहार ओस पडून शतकं गेल्यावर जागेत माणसं आली, त्यांनी आपली देवी तिथे पाहिली आणि ती जागा जिवंत ठेवली. कोळी, आगरी, सीकेपी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या समुद्राकडून हा डोंगर चढत आलीत. चैत्रात पालखी निघते तेव्हा सगळा डोंगर माणसांनी भरून जातो. ती माणसं चोर नाहीत. ज्यांना बाबासाहेबांनी धम्माची वाट दाखवली आणि जे आज चैत्यात येऊन वंदना म्हणतात, तेही उपरे नाहीत. त्यांचा या जागेवरचा हक्क खांबाखांबावर कोरलेला आहे.

दोन्ही मेसेजांचं एकच मागणं आहे: इथे एकच असलं पाहिजे. कार्ल्याच्या दगडावर तसं कुठेच लिहिलेलं नाही. तिथे यवन आहे, महारठी आहे, ब्राह्मणांना जेवू घालणारा क्षत्रपाचा जावई आहे, भिक्खुणी आहे. विहाराच्या एका लेखात तर अबुलामाचा हरफरण, सेतफरणाचा मुलगा, सातवाहन राजा पुळुमावीच्या चोविसाव्या वर्षी महासांघिक या बौद्ध पंथाला नऊ खोल्यांचा मंडप देतो. अभ्यासकांना त्याचं नाव पार्थियन, इराणकडचं वाटतं. आणि ओसरीतून बाहेर आलं की समोर माझी कुलदेवता आहे.

उरलेल्या मुद्द्यांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. 'पुरातत्त्व खातं सत्य दडवतंय' म्हणे. लेख उघड्यावर आहेत, चैत्याच्या ओसरीत आणि खांबांवर, दिवसाउजेडी कोणीही पाहू शकतो. 'एपिग्राफिया इंडिका'चा तो सातवा खंड इंटरनेटवर फुकट मिळतो. 'फोटो बघा, त्रिशूळ दिसतो' असंही आहे. बौद्ध कामात त्रिरत्नाची, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांची, खूण तीन टोकांची असते आणि ती भारतभर सापडते. 'दहा हजार वर्षं जुनं' याला तर उत्तर देण्यासारखं काही नाही.

काकू पुढच्या महिन्यात जाणार आहेत, मीही सोबत जाणार आहे. दर्शन झालं की त्यांना चैत्यात नेऊन सामी सुताराचा लेख दाखवायचा आहे. दुपारी मोठ्या कमानीतून ऊन आत येतं तेव्हा खांबांवरची अक्षरं बरी दिसतात. मोबाईलचा उजेड तिरका धरला की त्यांच्या कडा आणखी उठून येतात. बोट मात्र लावायचं नाही.